अर्थिंगचं पाणी

आमच्या सर्व्हिस रिपोर्टवर एक रकाना होता, 'बिघाडाचं कारण'. त्यात काय लिहायचं याचे चार-पाच शब्द कंपनीनं ठरवून दिले होते, आणि त्यातला सगळ्यात लाडका शब्द होता 'युजर मिसहँडलिंग'. म्हणजे वापरणाऱ्यानं मशीन नीट वापरलं नाही. हा शब्द लिहिला की मशीन बनवणारा सुटला, कंपनी सुटली, मीही सुटलो, आणि खुर्चीवर बसलेलं माणूस अडकलं. तो मी आयुष्यात किती वेळा लिहिला ते मोजलेलं नाही. पण एका ठिकाणी लिहिला त्याचा राग अजून गेलेला नाही, आणि त्यातला निम्म्याहून जास्त माझ्यावरच आहे.

मी तेव्हा हार्डवेअर इंजिनिअर होतो. कार्डावर इंजिनिअर, प्रत्यक्षात पाठीवर बॅग टाकून एसटीनं हिंडणारा मेकॅनिक. कंपनीचं मुख्य ऑफिस लातूरला आणि मी नांदेडला, विष्णुपुरीच्या रस्त्यावरच्या एका खोलीत थाटलेल्या वर्कशॉपमध्ये. दोन्ही जिल्ह्यांतल्या कचेऱ्यांच्या कॉम्प्युटरांच्या देखभालीचा ठेका आमच्याकडं होता. बॅगेत स्क्रू-ड्रायव्हर, धूळ झाडायचा ब्रश, एक मल्टीमीटर, दोन जादा रॅम आणि टेस्टचं सॉफ्टवेअर भरलेला पेनड्राइव्ह. बिघडलेल्या मशीनला आधी हा पेनड्राइव्ह लावायचा. रॅमची टेस्ट म्हणजे मेमरीच्या एकेका कप्प्यात काहीतरी ठेवायचं आणि तेच परत मागायचं. ठेवलं तेच परत आलं तर ठीक, वेगळं आलं तर स्क्रीनवर लाल ओळ. मग हार्ड डिस्कची टेस्ट, तिच्यात कुठला भाग वाचता येत नाही ते कळतं. सगळं व्हायला दोन-तीन तास लागायचे. तोवर चहा प्यायचा आणि लोकांची गाऱ्हाणी एका कानानं ऐकायची.

ते वर्ष दुष्काळाचं होतं. लातुरात नळाला पाणी येणं ही गोष्टच लोक विसरले होते आणि पुढं तर रेल्वेनं पाणी आणावं लागलं. नांदेडलाही गोदावरीच्या पात्रात पायी फिरता येत होतं. आणि नेमके त्याच वर्षी आमच्या दोन्ही जिल्ह्यांतल्या तीन-चार तालुक्याच्या गावांना जिल्हा व्हायचे डोहाळे लागले होते. प्यायला पाणी नाही, पण चौकाचौकांत फलक लागलेले, नवा जिल्हा झालाच पाहिजे. एका गावाचा फलक लागला की दुसऱ्या गावात बंद पाळला जायचा. मी सांगतोय ते गाव त्यातलंच एक. नाव लिहीत नाही, कारण बाकीच्यांनी काही वेगळं केलं असतं असं मला वाटत नाही.

तिथल्या कचेरीचे साहेब पुण्याकडून बदलून आलेले होते. नवा जिल्हा झाला तर इथंच बढती मिळेल या आशेनं ते गावकऱ्यांपेक्षा जास्त जोरात जिल्हा मागत होते. त्यांनी कचेरीतली एक खोली कॉम्प्युटर कक्ष म्हणून सजवून घेतली होती. खाली गुळगुळीत फरशी, खिडक्यांना पडदे, आणि दारावर पाटी, 'पादत्राणे बाहेर काढावीत'. ही पद्धत आमच्याकडं सगळीकडं आहे. देवळात आणि कॉम्प्युटरच्या खोलीत अनवाणीच जायचं. का, ते कुणाला विचारलं तर धूळ होते म्हणतात, आणि त्याच खोलीत झाडू मात्र आठवड्यातून एकदा फिरतो.

त्या खोलीत ऑपरेटर म्हणून एक बाई होत्या. तिशीच्या पुढच्या, माहेर नायगावकडचं. घरात म्हातारी आई आणि शाळेत जाणारी मुलगी, कमावणाऱ्या त्या एकट्या. नोकरी कंत्राटी, अकरा महिन्यांची. अकरा महिने झाले की साहेबांनी सही करायची, मग पुढचे अकरा महिने. अशा त्यांनी पाच सह्या काढल्या होत्या आणि सहावी त्या उन्हाळ्याच्या शेवटी व्हायची होती. त्यांचं सगळं घर त्या एका सहीवर उभं होतं, आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, कारण चहा पिताना मीच विचारलं होतं.

पहिला कॉल होळीनंतरचा. मशीन मधेच बंद पडतं, निळा पडदा येतो, अशी तक्रार. मी टेस्ट लावली आणि तिसऱ्या मिनिटाला लाल ओळी सुरू झाल्या. बाई म्हणाल्या, "सर, डब्याला हात लागला की झिणझिण्या येऊन राहिल्यात. मुंग्या आल्यासारखं होतंय."

"चप्पल घालून बसत जा," मी म्हणालो.

"साहेब बोलतेत."

मी हसलो. हसण्यासारखं त्यात काय होतं हे आज मला विचारलं तर सांगता येणार नाही. मशीनच्या पत्र्यातून करंट लागतोय असं एक माणूस मला सांगत होतं, आणि ज्याला ते कळायला पाहिजे असा त्या खोलीत मी एकटाच होतो. मी रॅम बदलली, एक फेरी बिनचूक झाली तशी उठलो. नांदेडला परतीची एसटी गाठायची होती.

रिपोर्ट लिहिला. त्यात आणखी एक रकाना असायचा, अर्थिंगचं व्होल्टेज. विजेच्या मशीनमध्ये फालतू करंट आला तर त्यानं माणसाला किंवा मशीनला त्रास न देता मुकाट जमिनीत जावं म्हणून एक वायर जमिनीत नेऊन सोडलेली असते, तिला अर्थिंग म्हणतात. ती नीट आहे की नाही हे मीटर लावून बघायचं, दोन-तीन व्होल्टच्या आत आलं तर ठीक. आम्हाला ट्रेनिंगमध्ये पहिल्या तासाला शिकवलं होतं, मशीन उघडायच्या आधी हे मोजा. पण मोजायचं म्हणजे बॅगेच्या तळातून मीटर काढायचं, टेबल सरकवायचं, बोर्डापाशी वाकायचं. आमच्यातलं कुणीच मोजत नसे. त्या रकान्यात सगळेजण दोन लिहायचे. दोन्ही जिल्ह्यांत, बारा महिने, झाडून सगळ्या कचेऱ्यांत दोन. मीही दोन लिहिलं.

मग व्हरांड्यातल्या माठातलं पाणी प्यालो आणि निघालो. माठ कचेरीच्या बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवलेला होता आणि त्याच्याभोवती टँकरच्या अर्जासाठी आलेली माणसं बसलेली होती. पाणी गार होतं. त्या दिवसांत गावातल्या हॉटेलातसुद्धा चहा घेतल्याशिवाय पाणी मिळत नव्हतं, तेव्हा मला बरंच वाटलं.

पंधरा दिवसांनी दुसरा कॉल. पुन्हा लाल ओळी, नवीच रॅम खराब. पुन्हा बदलली, पुन्हा दोन लिहिलं. एप्रिलात, जयंतीच्या आठवड्यात तिसरा कॉल आला. आता रॅम तर होतीच, शिवाय हार्ड डिस्कमध्येही न वाचता येणारे भाग निघाले. बाई पुन्हा झिणझिण्यांचं काहीतरी म्हणाल्या. मी लातूरला आमच्या मालकांना फोन लावला.

"एकाच जागी तीन कॉल?" मालक म्हणाले. "अरे, रॅम काय खायची वस्तू हाय का? किती पार्ट द्यायचे त्यांना? मिसहँडलिंग टाक अन् मोकळा हो."

मी टाकलं. त्याच कागदावर शेवटच्या ओळीत ग्राहकाची सही लागते. फॉर्म सगळा इंग्रजीत. बाईंनी पेन हातात घेतलं आणि विचारलं, "काय लिहिलंय सर?"

"नेहमीचंच," मी म्हणालो.

त्यांनी सही केली. आपल्याच नावावर खापर फोडणाऱ्या कागदावर एका माणसाकडून मी सही घेतली आणि घरी येऊन जेवलो. तेव्हा मला काहीही वाटलं नाही, हे खरं तर सगळ्यात वाईट.

आठ-दहा दिवसांनी ती डिस्क पूर्ण गेली. तिच्यावर जिल्ह्याचा प्रस्ताव होता. कोणकोणती गावं नव्या जिल्ह्यात येणार, त्यांची लोकसंख्या, आताच्या जिल्ह्याच्या ठिकाणाहून किती लांब, एसटीला किती वेळ लागतो, अशी लांबलचक यादी बाईंनी तीन आठवडे बसून टाइप केली होती. तिची प्रत कुठंही नव्हती, कारण व्हायरस येतो म्हणून साहेबांनी पेनड्राइव्हवर बंदी घातली होती आणि तसा आदेशही काढला होता. मुंबईला जाणारं गावाचं शिष्टमंडळ हातानं लिहिलेले कागद घेऊन गेलं. तिथं त्यांचं कुणी ऐकून घेतलं नाही. ऐकून न घ्यायला कारणं हजार असतील, पण परत आल्यावर पुढाऱ्यांनी राग काढला तो साहेबांवर, आणि साहेबांनी काढला तो बाईंवर. त्यांना कारणे दाखवा नोटीस निघाली.

मला बाईंचा फोन आला. आवाज नेहमीचाच होता, चिडलेला नाही की रडवेला नाही.

"सर, मिसहँडलिंग म्हणजे काय हो?"

मी वर्कशॉपचं दार लोटून घेतलं.

"नोटिशीला तुमचा कागद जोडलाय. खाली माझी सही हाय. साहेब म्हणतेत, तुम्हीच कबूल केलंय मग आता काय राहिलं. पंधरवड्यावर रिन्युअल आलंय माझं."

मी बघतो म्हणालो आणि फोन ठेवला. त्या कचेरीतून काढून आणलेल्या रॅम वर्कशॉपच्या खणात पडल्या होत्या. मेलेल्या म्हणून लातूरला परत पाठवायच्या होत्या. का कोण जाणे, मी त्यातली एक काढली, आमच्या मशीनला लावली आणि टेस्ट सुरू केली. पहिली फेरी स्वच्छ. दुसरी स्वच्छ. मग दुसरी रॅम लावली. दोन दिवस मी त्याच मशीनसमोर बसलो होतो आणि दोन दिवसांत एकही लाल ओळ आली नाही. तिथं मेलेल्या रॅम इथं ठणठणीत होत्या. म्हणजे बिघाड रॅममध्ये नव्हता, बाईंच्या हातातही नव्हता, त्या जागेतच होता. हे समजायला शाळकरी अक्कल पुरते आणि मला तीन खेपा लागल्या. मी स्वतःला भरपूर शिव्या घातल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली एसटी धरली.

खोलीत गेलो, चप्पल काढली, बॅगेच्या तळातून मीटर काढलं. बाई शेजारी उभ्या राहून बघत होत्या. टेबल सरकवलं, बोर्डाला मीटर लावलं. आकडा आला त्रेचाळीस. मी सॉकेट बदलून पाहिलं, तिथंही तेच. जिथं दोन पाहिजे तिथं त्रेचाळीस, आणि बाई दोन महिने त्या मशीनपाशी अनवाणी बसून काम करत होत्या.

कचेरीच्या मागं कडुलिंबाखाली अर्थिंगचा खड्डा होता. जमिनीत खोल तांब्याची पट्टी पुरलेली, तिच्याभोवती कोळसा आणि मीठ, आणि वर पाणी ओतायला नरसाळं लावलेला पाइप. हे सगळं चालतं ते खाली ओल असेपर्यंतच. कोरडं पडलं की ती वायर जमिनीत गेली काय आणि हवेत लोंबकळली काय, सारखंच. म्हणून त्या पाइपात रोज बकेटभर पाणी घालावं लागतं. मी नरसाळ्यात बोट घातलं तर आत धूळ आणि लिंबाचा पाला. शिपाई मामा तिथंच विडी ओढत बसले होते. कचेरीतले सगळ्यात जुने, निवृत्तीला आलेले.

"मामा, यात पाणी घालत नाही का?"

"आधी वतत होतो नं साहेब, रोज बकेटभर. आता बंद केलंय."

"कधीपासून?"

"होळीच्या आधीपासनं."

"कुणी सांगितलं बंद करायला?"

मामांनी विडी विझवली आणि खाली बघत म्हणाले, "टंचाई लई हाय साहेब."

मी पुढं काही विचारलं नाही. मला पाहिजे होतं ते मिळालं होतं. पाणी बंद, अर्थिंग बंद, मशीन खराब, बाई निर्दोष. मी तरातरा साहेबांच्या केबिनकडं निघालो. दारात बाई आडव्या आल्या. म्हणाल्या, "सर, आधी जरा माझं ऐकता का?"

"मॅडम, तुम्ही आता काळजीच सोडा," मी म्हणालो आणि त्यांना ओलांडून आत गेलो.

ते वाक्य मला अजून ऐकू येतं. किती ऐटीत म्हणालो होतो.

साहेबांच्या केबिनमध्ये विकतच्या पाण्याचा जार होता आणि खिडकीत कुंड्या, त्यातली झाडं हिरवीगार. मी सगळं समजावून सांगितलं. साहेबांना मी हुशार वाटावा म्हणून जरा जास्तच सांगितलं. म्हणालो, विश्वास नसेल तर आत्ता दाखवतो. साहेबांच्या मोरीतल्या टाकीतून मामांनी दोन बकेटा आणून पाइपात ओतल्या. अर्ध्या तासानं मीटर एकोणीसवर आलं, जेवायच्या सुट्टीपर्यंत पाचावर. मी माझ्याकडची चांगली डिस्क लावली, त्याच मेलेल्या ठरवलेल्या रॅम लावल्या आणि टेस्ट सुरू केली. साहेब स्वतः चप्पल काढून खोलीत येऊन बसले. पूर्ण फेरी झाली, एक लाल ओळ नाही. मी छाती फुगवून म्हणालो, "बघा साहेब. मॅडमची काहीच चूक नव्हती. कुणीतरी पाणी घालायचं बंद केलं, त्यामुळं हे सगळं झालं."

"कुणी बंद केलं?" साहेबांनी विचारलं.

मामा भिंतीकडं बघत राहिले. बाई म्हणाल्या, "मी सांगितलं होतं साहेब."

मग जे कळलं ते असं. कचेरीला टँकरनं जे पाणी यायचं त्याच्या टाकीला कुलूप आणि किल्ली साहेबांकडं. रोज सकाळी त्यातली एक बकेट खड्ड्यासाठी म्हणून मामांना मोजून मिळायची. बाहेर टँकरचे अर्ज घेऊन खेड्यांतनं माणसं यायची, बहुतेक म्हातारी, कारण तरणी कामाला गेलेली. पाणी मागायला आलेली माणसं दिवसभर उन्हात तहानलेली बसायची. बाईंनी घरून एक माठ आणला, व्हरांड्यात ठेवला, आणि मामांना म्हणाल्या, ती बकेट यात टाका. त्या माठातलं पाणी मीसुद्धा तीन खेपांना प्यालो होतो.

साहेबांनी कपाटातून फाइल मागवली. खोलीचं काम करणाऱ्या ठेकेदारानं जाताना बारा कलमांचा एक इंग्रजी कागद दिला होता. नववं कलम, अर्थिंगच्या खड्ड्यात रोज पाणी घालण्याची जबाबदारी ऑपरेटरची राहील. खाली बाईंची सही.

"खड्ड्याला पाणी कशाला लागतं ते कुणी सांगितलंच नव्हतं साहेब," बाई म्हणाल्या. "मी म्हणलं, जमिनीत वतून काय करायचं."

"सही केली आहे ना?" साहेब म्हणाले. मग त्यांनी माझे तीन रिपोर्ट समोर पसरले आणि माझ्याकडं वळले. "यात तुम्ही दर वेळी अर्थिंग दोन व्होल्ट लिहिलं आहे. पाणी तर होळीच्या आधीच बंद झालं. मग दोन कसं आलं?"

आता सांगायची वेळ होती. मी मोजलंच नव्हतं, एवढं एक वाक्य. पहिल्या दिवशी मोजलं असतं तर तेव्हाच कळलं असतं, दुसऱ्या दिवसापासून खड्ड्यात पाणी गेलं असतं, डिस्क वाचली असती, यादी वाचली असती आणि नोटीस निघालीच नसती. बाईंनी बकेट वळवली ही गोष्ट मग पाच मिनिटांच्या बोलण्यात मिटली असती. नववं कलम त्यांनी मोडलं होतं, पण मी माझं पहिलंच कलम मोडलं होतं, तेही शिकून सवरून, पगार घेऊन. खोलीत चौघं होतो. तिघं माझ्याकडं बघत होते.

मी म्हणालो, "तेव्हा खाली ओल शिल्लक असेल साहेब. हळूहळू वाळली असणार."

"म्हणजे कंपनीची चूक नाही."

"नाही साहेब."

इतकं सफाईदार खोटं माझ्या तोंडून कसं निघालं याचं मला तिथल्या तिथं आश्चर्य वाटलं. त्यात शास्त्र होतं, ते ऐकायला बरोबर होतं आणि ते कुणाला तपासता येणार नव्हतं. साहेबांनी मान हलवली आणि म्हणाले, दोघांनीही लेखी द्या. बाईंनी पाणी बंद केल्याचं लिहून दिलं. मी ओल शिल्लक असल्याचं लिहून दिलं.

बाहेर व्हरांड्यात बाई माझ्या मागून आल्या. मी काहीतरी सॉरी-बिरी म्हणत होतो, साहेबांशी पुन्हा बोलतो असंही म्हणालो.

"सर," त्या म्हणाल्या, "मीटर तुम्ही आज पहिल्यांदा काढलं बॅगेतून."

मी त्यांच्याकडं बघू शकलो नाही. तिन्ही वेळा त्या खोलीतच होत्या, मी काय केलं आणि काय नाही हे त्यांच्याएवढं कुणालाच माहीत नव्हतं.

"मग आत बोलला का नाहीत?"

"मी बोलले असते तर साहेबांनी कुणाचं खरं मानलं असतं?" त्या म्हणाल्या. आता मात्र आवाज चढला होता. "तुमचं बोलणं इंग्रजी, माझं काय हाय? मशीनला तीन-तीन तास बसून विचारता तुम्ही, काय दुखतंय म्हणून. मला एकदा तरी विचारायचं. सकाळी दारात थांबवलं तर तेबी ऐकलं न्हाई."

त्या माठाकडं वळल्या. मग मला सांगायचं म्हणून नव्हे, असंच म्हणाल्या, "पहिल्या दिवशी दोघं-तिघं जण माझं आडनाव विचारून तसेच बसून राहिले, प्याले न्हाईत. मग ऊन वाढलं. मग कुणीच विचारलं न्हाई."

मी नांदेडला आलो. चार दिवस मनात ठरवत होतो की साहेबांना पत्र लिहायचं, सगळं खरं सांगायचं. पत्र लिहिलंही. लातूरला मालकांना आधी सांगावं म्हणून फोन केला तर ते म्हणाले, "डोकं ठिकाणावर हाय का? दोन्ही जिल्ह्यांतला ठेका जाईल. तुझे काय, सगळ्यांचेच दोन हायेत." हे त्यांनी अगदी सहज सांगितलं. त्यांनाही ठाऊक होतं, सगळ्यांनाच ठाऊक होतं. ते पत्र मी पाठवलं नाही. मालकांनी अडवलं असं मी पुढं बरीच वर्षं लोकांना सांगत आलो. पण पोस्टात टाकायला मला मालक लागत नव्हते, तिकीट लागत होतं, आणि ते वर्कशॉपच्या खालच्या दुकानात मिळत होतं.

बाईंच्या कागदावर सहावी सही झाली नाही. काढून टाकलं असं कुणी म्हणालं नाही, नुसतं पुढं ठेवलं नाही. त्यांच्या जागी जिल्हा मागणाऱ्या गावच्या समितीतल्या कुणाच्या तरी नात्यातला एकजण आला.

मे महिन्याच्या अखेरीस मला पुन्हा त्या कचेरीत जावं लागलं, नेहमीच्या तपासणीसाठी. या वेळी मी आधी मीटर काढलं. दोन आलं, खरोखरचं दोन. रॅमची टेस्ट लावली, डिस्कची लावली, कुठं एक खोट निघाली नाही. टेस्ट चालू असताना मी मागच्या बाजूला गेलो. साहेबांच्या लेखी आदेशानुसार मामा खड्ड्यात पाणी ओतत होते, आता एक नव्हे, दोन बकेटा, सकाळी एक आणि दुपारी एक. टँकरच्या अर्जाला आलेली माणसं लिंबाच्या सावलीला सरकून बसली होती आणि पाइपात जाणाऱ्या पाण्याकडं बघत होती. व्हरांड्यातला माठ गेला होता.

त्यांच्यातला एक म्हातारा उठून माझ्यापाशी आला. धोतर, डोक्याला पटका, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत अर्ज. मला कचेरीतला समजला असावा.

"साहेब, त्या खड्ड्यात काय पेरलंय?"

"काही नाही बाबा. कॉम्प्युटरसाठी लागतं ते पाणी."

"हाव का," तो म्हणाला आणि मान डोलावली. मला वाटलं हा आता भांडेल, शिव्या देईल, निदान हसेल. भांडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यानं ते तसंच मान्य केलं, जसं त्यानं आजवर कचेरीतलं सगळंच मान्य केलं असेल. मामा रिकामी बकेट घेऊन गेले. म्हातारा व्हरांड्याकडं बघत थांबला होता.

"अन् ती पानी देनारी बाई? दिसंना गेली."

"त्या आता इथं नाहीत."

"बदली झाली?"

"नाही. नोकरीवर ठेवलं नाही त्यांना."

"कामून?" त्यानं विचारलं. "चांगली होती की."

मी आत बघितलं. टेस्ट संपली होती, स्क्रीनवर एकही लाल ओळ नव्हती. मी म्हातारबाबांना म्हणालो, मला माहीत नाही.